अमोलिकांनी अडवलेला अंक

‘दिवंगत श्री. एलिया अमोलिक यांचे अक्षरांवर प्रेम होते. माणसांवर ते तितके नव्हते. एका इंग्रजी अक्षराच्या हट्टापायी त्यांनी आमच्या मासिकाचा नाताळ अंक अडवून धरला व ऐन सणात मंडळीची शोभा झाली.’

हे उद्गार आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या ताज्या स्मरणिकेत आहेत आणि ते श्री. शिरसाठ यांचे आहेत. श्री. शिरसाठ त्या काळी पंच कमिटीचे चिटणीस होते. म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी वडीलधारी माणसे जे ठरवीत, ते लिहून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. जे लिहून ठेवले ते आपण पाहिलेही आहे, असे अशा माणसांना पुढे पुढे वाटू लागते. मी शाळामास्तर आणि त्या मासिकाचा संपादक होतो. मासिकाची प्रुफे तपासून छपाईला सही देणाऱ्या अमोलिकांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. तो अंक कसा अडला आणि का अडला, हे मला शिरसाठांपेक्षा अधिक ठाऊक आहे. तसे मी स्मरणिकेच्या संपादकांना कळवले. त्यांनी ‘जागेअभावी’ माझा खुलासा छापला नाही. त्याच स्मरणिकेत दोन पाने सायकलच्या दुकानांच्या जाहिराती आहेत. तेव्हा खुलासा येथे करतो.

अमोलिकांचा परिचय नसलेल्यांसाठी प्रथम एवढे सांगतो, की देव लहान अक्षरात छापलेला त्यांना सहन होत नसे. इंग्रजी ख्रिस्ती लेखनात देवाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते, हे सर्वांना माहीत असते. परंतु देवाविषयी येणारे ‘तो’, ‘त्याला’, ‘त्याचे’ हे शब्दही मोठ्या अक्षराने सुरू करावेत, अशी एक जुनी रीत आहे. काही लोक ती पाळतात, काही पाळत नाहीत. अमोलिक ती पाळत आणि इतरांना पाळायला लावत. आमच्या मासिकाची शेवटची चार पाने इंग्रजी असत. त्या पानांच्या प्रुफांवर पेन्सिलीने ते इतके मोठे ‘एच’ काढीत, की कागदावर कोणी शिड्या उभ्या केल्या आहेत असा भास व्हावा. वसाहतीतली पोरे त्यांना कॅपिटलकाका म्हणत. त्यांना ते माहीत होते. ‘काका’चा ‘के’ लहान ठेवा, एवढीच त्यांची सूचना होती.

त्यांचे नियम बारीक होते. ‘बायबल’ला कॅपिटल, परंतु बायबलमधल्या गोष्टीला नाही. ‘चर्च’ म्हणजे सर्व जगातील विश्वासणारे असतील तर कॅपिटल. विटांची इमारत असेल तर स्मॉल. ‘आपली इमारत पावसाळ्यात गळते,’ ते म्हणत, ‘तिला कॅपिटल द्यायला मी मोकळा नाही.’ नवे पाळकसाहेब रुजू झाले तेव्हा अमोलिकांनी पहिल्याच भेटीत त्यांना सांगितले, ‘सलाम, साहेब. आपलं नाव पुढे असेल तर पाळकांना कॅपिटल मिळेल. नुसतेच पाळक असाल तर स्मॉल.’ पाळकसाहेब भले गृहस्थ होते. ‘स्मॉलच बरा,’ म्हणाले.

एका ठिकाणी मात्र अमोलिक हरले होते. सैतान हे विशेषनाम असल्यामुळे त्यालाही इंग्रजीत मोठे अक्षर द्यावे लागते. ह्या अन्यायाविषयी ते बोलत तेव्हा त्यांचा आवाज खाली येई. ‘काय करणार, गुरुजी? व्याकरण कोणाचंच नसतं.’

चार इंग्रजी पानांवर ते समाधान मानते, तर छापखान्याला सुख लागले असते. परंतु देवनागरीत मोठे अक्षर नाही, ही गोष्ट त्यांना आपल्या भाषेवरचा ठपका वाटे. त्यांनी उपाय काढला: मराठी मजकुरात देवाविषयीचा प्रत्येक ‘तो’ काळ्या ठळक टाईपात जुळवायचा. रविवार कारंजावरच्या ज्या छापखान्यात आमचे मासिक छापले जाई, तिथे काळे खिळे, म्हणजे ठळक अक्षरांचे शिशाचे ठसे, मोजकेच होते, आणि तेही मुख्यतः लग्नपत्रिकांतील वधूवरांच्या नावांसाठी. मग व्हायचे असे, की पहिल्या पाच-सहा पानांवर देव ठळक असे, पुढे काळा ‘त’ संपे आणि तो फिकट होत जाई. लग्नसराईत तर वधूवरांची नावे सुटेपर्यंत परमेश्वराला थांबावे लागे.

छापखान्याचे मालक दिगंबरपंत. त्यांचे थोरले बंधू इथल्या गंगाघाटावर यजमानांची श्राद्धे करीत. खिळे संपल्याचे सांगायला दिगंबरपंत स्वतः बाहेर येत.

‘अहो अमोलिक, आमच्या तेहतीस कोटींना आजवर काळा टाईप लागला नाही.’

‘तुमच्याकडे संख्या आहे, पंत. आमच्याकडे एकच आहे. तेवढा तरी नीट छापा.’

‘छापतो हो. पण कुलकर्ण्यांच्या पोरीचं लग्न परवावर आलंय. तिच्या नावातला ‘त’ काढून तुम्हाला देऊ का?’

‘तिचं नाव काय?’

‘ललिता.’

अमोलिकांनी पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. ‘राहू द्या,’ म्हणाले. ‘लग्न एकदाच होतं.’

शिरसाठांनी हा शेवटचा शब्द कधी ऐकला असेल असे मला वाटत नाही.

पोटासाठी अमोलिक ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. विमानाचा एखादा भाग मापात बसला नाही, की त्याला लाल चिठ्ठी बांधून परत पाठवायची, हे त्यांचे काम. संध्याकाळी कारखान्याची बस त्यांना सोडून जाई. परंतु तपासणी त्यांना सोडत नसे. खिशात चार-दोन लाल चिठ्ठ्या कायम असत. माझ्या फाटकावरची नावाची पाटी किंचित तिरकी आहे म्हणून तिला एकदा लाल चिठ्ठी बांधलेली मी स्वतः सोडली आहे. पाळकसाहेबांनी विचारले, ‘अमोलिक, आजचं प्रवचन कसं झालं?’ उत्तर आले, ‘सुरुवात पास. शेवट पास. मधला भाग रीवर्कला पाठवा.’ रीवर्क म्हणजे परत करून आणणे. अर्ध्या जगाविषयी त्यांचे तेच मत होते.

बसून प्रूफ वाचणे त्यांना जमत नसे. प्रूफ हातात आले, की ते आमच्या दोन घरांपुढच्या मोकळ्या जागेत येरझाऱ्या घालू लागत. चिंचेपासून पाण्याच्या नळापर्यंत आणि नळापासून चिंचेपर्यंत. ओठ हलत असत, कानावर पेन्सिल असे, कोंबड्या बाजूला होत. माझी पत्नी म्हणे, ‘अहो, त्यांना म्हणावं बसा. मला इथे घेरी येते.’ मी एकदा खुर्ची नेऊन ठेवली. तिला वळसा घालून ते चालत राहिले.

आमच्या वसाहतीत त्यांच्याशी बरोबरीने बोलणारी व्यक्ती एकच होती: निवृत्त परिचारिका लीलाबाई. विधवा होत्या, करारी होत्या, आणि नाताळच्या करंज्या त्यांच्याइतक्या खुसखुशीत कोणी करीत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी सुहासिनी शाळेत शिक्षिका होती. दरवर्षी करंज्यांचे ताट घेऊन लीलाबाई आमच्याकडे आणि अमोलिकांकडे येत. एका वर्षी अमोलिकांनी करंजी उजेडाकडे धरून फिरवली.

‘लीलाबाई, हिचं एक टोक उघडं आहे. परत.’

‘उघडं टोक तुमच्या तोंडाचं आहे, एलियाजी. ते मिटा आणि खा.’

त्यांनी खाल्ली. आणखी दोन मागितल्या.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एका दिवाळीनंतर, सुहासिनीने तिच्याच शाळेतल्या एका बौद्ध शिक्षकाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगा सज्जन होता, निर्व्यसनी होता, सासूला मान देणारा होता. परंतु पंच कमिटीने नियमावर बोट ठेवले. मंडळीबाहेर आणि आशीर्वादाशिवाय विवाह करणाऱ्याला मंडळीच्या सहभागितेतून दूर करावे, म्हणजे त्याला प्रभुभोजन, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून घ्यायची भाकर व प्याला, मिळू नये, असा तो नियम. असा ठराव प्रथम मासिकात नावानिशी छापायचा, मग व्यासपीठावरून वाचायचा, आणि त्यानंतरच तो लागू व्हायचा. ‘मला कळलंच नाही,’ असे कोणाला म्हणता येऊ नये म्हणून ही वहिवाट घालून दिली होती, आणि तिचा आग्रह सर्वांत अधिक शिरसाठांचाच होता. ठरावाची सूचना नाताळ अंकासाठी माझ्या हाती आली. कमिटीची सूचना गाळण्याचा अधिकार संपादकाला नव्हता.

त्याच संध्याकाळी लीलाबाई आमच्या ओट्यावर आल्या. बसल्या नाहीत.

‘गुरुजी, तिचं नाव छापणार म्हणे.’

‘कमिटीचा ठराव आहे, लीलाबाई.’

‘मग शेजारी माझंही छापा. नाताळला आम्ही दोघी एकत्र गुडघे टेकतो. ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून. ह्या वर्षी तिला कठड्याशी अडवलं, तर मी पुन्हा त्या देवळाची पायरी चढणार नाही. मेल्यावर न्यायचं तरी तिकडे नेऊ नका म्हणून सांगून ठेवीन.’

त्या पोकळ बोलणाऱ्या बाई नव्हत्या. अमोलिक तेव्हा चिंचेखाली होते. त्यांनी ऐकले की नाही, मला सांगता येणार नाही. वळून त्यांनी पाहिले नाही एवढे खरे.

दोन दिवसांनी अंकाची प्रुफे आली. अमोलिक नेहमीप्रमाणे चालू लागले. मी खिडकीतून पाहत होतो. सूचनेचे पान वर आले आणि ते नळापाशी थांबले. इतक्या वर्षांत प्रूफ हातात असताना त्यांना थांबलेले मी प्रथमच पाहत होतो. नळावर घागर भरायला आलेली बाई ‘काका, सरका जरा’ म्हणाली, तेव्हा ते हलले.

प्रुफे छापखान्यात परत गेली. कारण, इंग्रजी पानावर एक ‘एच’ लहान होता. तो मोठा होऊन आला. प्रुफे पुन्हा परत गेली. मराठी नाताळगीतात तिसऱ्या कडव्यातला ‘तो’ फिकट होता. काळा खिळा शोधून बसवला गेला. तिसऱ्या वेळी त्यांना शंका आली, की मेंढपाळांना दिसलेला देवदूत कॅपिटल असावा की स्मॉल. त्यासाठी त्यांनी पाळकसाहेबांकडून तीन जाड ग्रंथ आणवले आणि तिन्ही ग्रंथ परस्परविरोधी निघाल्यामुळे त्यांचा चेहरा विलक्षण उजळला. त्यानंतरच्या खेपेला त्यांनी आधीच्या सगळ्या दुरुस्त्या उलट फिरवल्या. दिगंबरपंत जुळाऱ्याला बरोबर घेऊन वसाहतीत आले.

‘अमोलिक, हा माणूस नोकरी सोडतो म्हणतोय. काल मोठं करा म्हणालात, आज लहान करा म्हणता. तुमचा देव काल मोठा होता आणि आज लहान झाला का?’

‘देव तेवढाच आहे, पंत. माझा विचार वाढतो आहे.’

‘तो जरा नाताळनंतर वाढवा की.’

‘विचार का कोणाच्या हातात असतो?’

नाताळ आठवड्यावर आला. वसाहतीत चांदण्यांचे कंदील लागले, घरोघरी शंकरपाळे तळले जाऊ लागले, आणि अंकाचा पत्ता नव्हता. माझ्या जिवाला चैन नव्हते. संपादक मी होतो आणि रस्त्यात लोक मला धरत. शिरसाठ सकाळी येत, दुपारी येत, संध्याकाळी येत. शेवटी ते अमोलिकांच्या आडवे उभे राहिले. अमोलिकांनी त्यांनाही खुर्चीसारखा वळसा घातला, म्हणून पुढचे सर्व संभाषण दोघांनी चिंच ते नळ चालत केले.

‘अमोलिक, अंक सोडा. नाताळच्या उपासनेआधी ती सूचना लोकांच्या हाती पडली पाहिजे. छापून आल्याशिवाय ठराव लागू होत नाही.’

‘हा नियम आहे?’

‘नियम आहे.’

‘मोडू नका मग. माझाही एक आहे. तपासनिसाची सही झाल्याशिवाय वस्तू बाहेर जात नाही. एक रिव्हेट सैल राहिला, तर विमान खाली येतं.’

‘हे विमान नाही हो.’

‘विमान असतं, तर सही करून पहिलं तुम्हालाच बसवलं असतं.’

शिरसाठ तडक रविवार कारंजावर गेले आणि सहीशिवाय छापा म्हणाले. दिगंबरपंतांनी हात जोडले. ‘साहेब, तुमच्या मासिकावर अमोलिकांची सही चालते. बिनसहीचं यंत्रावर चढवलं आणि चूक निघाली, तर ते जन्मभर माझ्या दारात येरझाऱ्या घालतील. त्यापेक्षा तुम्ही रागावलेले परवडलात.’

नाताळ आला, अंक आला नाही. सकाळच्या उपासनेला लीलाबाई सुहासिनीचा हात धरून आल्या. जावई बाहेर, फाटकापाशी उभा होता. प्रभुभोजनाच्या वेळी दोघी कठड्याशी गेल्या आणि शेजारी शेजारी गुडघे टेकले. शिरसाठ मोठ्याने खोकले. पाळकसाहेबांनी एकवार त्यांच्याकडे पाहिले, मग हातातल्या भाकरीकडे पाहिले. छापून काहीही आले नव्हते. त्यांनी दोघींना भाकर दिली, दोघींना प्याला दिला. लीलाबाई परत येताना पदराने डोळे पुसत नव्हत्या, हे मला विशेष आठवते. मान ताठ होती. अमोलिक मागच्या दाराशी उभे होते आणि वेदीवरच्या कापडी फलकातली अक्षरे निरखत होते.

जानेवारीत मंडळीची वार्षिक सभा झाली आणि नवी पंच कमिटी निवडून आली. जुना ठराव पुढे आला तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, ‘मुलगी प्रभूच्या मेजावर बसून गेली. आता कोणत्या तोंडाने उठवायची?’ ठराव तेथेच राहिला. अंक जोडअंक म्हणून निघाला, सूचनेच्या जागी करंज्यांची कृती घालून. सभेत शिरसाठांनी अमोलिकांना उभे केले. म्हणजे ते उभेच होते, पुढे बोलावले.

‘मंडळीला सांगा, अंक का अडवला.’

‘अक्षरासाठी.’

‘फक्त अक्षरासाठी?’

‘फक्त अक्षरासाठी. लिहून घ्या. नीट लिहा.’

शिरसाठांनी लिहून घेतले, आणि आज स्मरणिकेत आहे ते तेच. त्या जोडअंकानंतर प्रूफ वाचण्याचे काम अमोलिकांकडून काढून घेण्यात आले. मी विरोध केला. माझे मत एकटे पडले.

त्यानंतरही ते संध्याकाळी चालत असत, परंतु रिकाम्या हातांनी. हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नसे. मी आमच्या शाळेच्या वार्षिकाची प्रुफे नेऊन दिली. चार पाने चाळून त्यांनी विचारले, ‘ह्यात देव कुठे येतो का?’ मी म्हणालो, ‘नाही. क्रीडास्पर्धांचा वृत्तांत आहे.’ ‘मग तुम्हीच बघा,’ म्हणाले आणि चालू लागले. एकदा मी स्पष्टच विचारले, ‘एलियाजी, तो अंक तुम्ही त्या पोरीसाठी अडवलात ना?’ ते म्हणाले, ‘गुरुजी, तुमची पाटी पुन्हा तिरकी झाली आहे.’

शिरसाठांची बाजू मी टाळत नाही. ते म्हणतात, अमोलिकांचा त्या मायलेकींशी विशेष घरोबा नव्हता. मग ते कशाला धडपडतील? घरोबा नव्हता, हे खरे. मी त्यांना जोडअंकाचे शेवटचे प्रूफ दाखवले: इंग्रजी पानांवर देव चार ठिकाणी लहान अक्षरात, आणि खाली सही अमोलिकांची. अक्षरासाठी अडवणारा माणूस अक्षर असे सोडील काय? शिरसाठ म्हणतात, वय झाले होते, डोळे अधू झाले होते. आमच्या महिला मंडळात तिसरीच एक कथा चालते, की अमोलिकांच्या मनात लीलाबाईंविषयी काहीतरी होते. ही कथा सांगणाऱ्यांनी त्या दोघांना दहा मिनिटे एकत्र ऐकले नसावे. दोन करंज्यांवर प्रेमकथा उभी राहत नाही.

चारपाच वर्षांनी अमोलिक प्रभूमध्ये निजले. लग्न त्यांनी केले नव्हते, मागे कोणी नाही असेच आम्ही सर्व धरून चाललो होतो. दफनाच्या वेळी कबरस्तानाच्या भिंतीशी बुरख्यातली एक वृद्ध बाई उभी होती. सोबत तिचा मध्यमवयीन मुलगा होता. ओझरच्या कारखान्यातल्या एका मालेगावच्या कामगाराने त्यांना कळवले होते. माती टाकून झाल्यावर ती माझ्याकडे आली.

‘सलाम, गुरुजी. मी एल्याची मोठी बहीण. रत्नमाला.’

‘ते कधी बोलले नाहीत,’ एवढेच म्हणालो.

‘कसा बोलंल? मी मालेगावात लूमवाल्याच्या घरात निकाह केला. आमचा बाप तुमच्या मंडळीत पंच होता. त्यानंच ठराव मांडला, माझं नाव तुमच्या परच्यात छापलं. आई त्या दिवसापासून देवळात गेली नाही, मरेपर्यंत. मग पुढं लय वर्षांनी एल्या यायला लागला. नाताळ झाला की यायचा. मी म्हणायची, बस बाबा, चहा तरी पी. उंबऱ्यापाशी उभाच. एकदा रडला. म्हणाला, अक्का, माझ्या हातात होतं गं.’

‘त्यांच्या हातात कसं असेल? ते तर तेव्हा पोरसवदा असतील.’

‘पोरच होता. पण नवानवा तुमच्या मासिकाला लागला होता ना.’

मुलाने तिला रिक्षाकडे नेले. शिरसाठ त्या वेळी माझ्यापासून पंधरा पावलांवर पाळकसाहेबांशी जेवणाच्या व्यवस्थेविषयी बोलत होते. त्यांनी काही ऐकले नाही. म्हणून त्यांच्यासाठी आणि त्यांच्या स्मरणिकेसाठी, मासिकाच्या दप्तरातले ते जुने प्रूफ शोधून पाहिल्यावर, एवढेच नमूद करतो: सख्ख्या बहिणीला मंडळीतून दूर केल्याच्या त्या सूचनेचे प्रूफ एलिया अमोलिक यांनीच वाचले होते, आणि एकही चूक न काढता पहिल्याच खेपेला त्यावर सही केली होती.